नळाला हवा आली

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की मिनेसोटातली माणसं एकमेकांना दोनच प्रश्न विचारतात. पानं गोळा केलीस का? आणि ज्याच्या दारात ट्रेलर उभा असेल त्याला, विंटराइज केलास का? दुसऱ्या प्रश्नाला ‘अजून नाही’ म्हटलं की समोरचा ज्या नजरेने बघतो, ती नजर मी लहानपणापासून ओळखतो. लातूरला बारावीतल्या मुलाने ‘अजून क्लास लावला नाही’ असं सांगितलं की लोक अगदी तसंच बघतात.

आमच्या दारात ट्रेलर आहे. बावीस फुटी, सेकंड हँड, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टकडचा. अमेरिकेतल्या असल्या चाकांवरच्या बऱ्याच घरांचं माहेर तेच. आत शेगडी, फ्रिज, दोन पलंग, माणसाने अंग चोरून उभं राहावं एवढी न्हाणी, सहा गॅलनचा गीझर, पाण्याचा पंप आणि तळाखाली तीन टाक्या. जूनमध्ये आई लातूरहून आली तेव्हा मी तिला मोठ्या हौसेने सगळं उघडून दाखवलं. तिने आत एक फेरी मारली, गादी दाबून बघितली, नळ सोडून बंद केला आणि म्हणाली, “दिंडीच्या ट्रकावानी आहे की. फक्त टँकर मागून यायच्या ऐवजी पोटात हाय.”

तीन टाक्यांचा हिशेबही तिला एका वाक्यात कळला. मला हे प्रकरण समजायला दोन उन्हाळे लागले होते. एक टाकी स्वच्छ पाण्याची. दुसरी करड्या पाण्याची, म्हणजे न्हाणी आणि बेसिनचं सांडपाणी. तिसरी काळ्या पाण्याची. तिच्याविषयी इतकंच सांगतो की संडासाच्या भांड्यातून खाली बघितलं तर ती दिसते, म्हणून बघू नये. “करडं म्हणजे आळ्याला घालायचं,” आई म्हणाली, “आणि काळं म्हणजे नाव काढायचं नाही.” अमेरिकन पुस्तिकेने याच गोष्टीला चार पानं आणि सहा आकृत्या खर्च केल्या आहेत.

तर विंटराइज करणं म्हणजे काय? पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. उघड्या पातेल्यात असेल तर वर सरकतं, कुणाचं काही बिघडत नाही. पण नळीत एका बाजूला बर्फाचा बूच बसला आणि दुसऱ्या बाजूला तोटी बंद असली, की मधल्या पाण्याला जायला जागा उरत नाही. मग ते स्वतःची जागा करून घेतं. नळी फुटते, नाहीतर जोड तडकतो, नाहीतर पंपाचं डोकं उलतं. आणि हे सगळं भिंतीच्या आत, जानेवारीत, गुपचूप होतं. तुम्हाला कळतं एप्रिलमध्ये. म्हणून थंडी पडायच्या आत ट्रेलरमधला पाण्याचा थेंबन् थेंब बाहेर काढायचा. माझी बायको राजापूरची. ती या कामाला ‘आगोट’ म्हणते. तिच्या माहेरी पावसाच्या आधी लाकडं भरायची, कौलं शाकारायची, सुकी मासळी डब्यात बसवायची. तिच्या मते हे तेच, फक्त उलट्या दिशेने. तिथे पाणी घरात येऊ नये म्हणून धडपड, इथे घरात राहू नये म्हणून.

माझी अडचण निराळी आहे. मी लातूरचा. माझं निम्मं आयुष्य पाणी नळीत यावं म्हणून गेलं. ते नळीतून जावं म्हणून घाम गाळायचा, ही कल्पना माझ्या हातांना अजून पटत नाही. चावी सोडताना बोटं आपोआप थबकतात.

या वर्षी फोनवर सूचना आली ती शुक्रवारी. रविवारी रात्री २८ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या उणे दोनच्या आसपास. शनिवारी सकाळी मी अवजारांची पेटी घेऊन बाहेर आलो, तर कुंपणापलीकडे तात्या हजर. तात्या हा आमचा अमेरिकन शेजारी. त्याचं खरं नाव अर्थातच वेगळं आहे, पण हात पाठीमागे बांधून दुसऱ्याचं काम तासन् तास बघण्याची त्याची सिद्धी बघून बायकोने त्याचं बारसं केलं. मिनेसोटाच्या रिवाजाप्रमाणे तात्याच्या तोंडी कौतुकाचा कळस म्हणजे ‘वाईट नाही’. दोन फूट बर्फ पडला, वाईट नाही. मुलाचं लग्न ठरलं, वाईट नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या विंटरायझिंगला तो काहीच बोलला नव्हता. त्याचं कारण पुढे सांगतो.

सुरुवात गीझरपासून. आदल्या रात्रीच तो बंद करून थंड होऊ द्यायचा, पंप बंद करायचा, मग वरचा झडपेचा कान ओढून आतला दाब सोडायचा आणि त्यानंतरच खालचा नट फिरवायचा. हा क्रम चुकवणारा माणूस एकदाच चुकवतो, कारण गरम पाणी तुमची विचारपूस न करता थेट अंगावर येतं. मी क्रम पाळला. नट सैल होताच सहा गॅलन पाणी, म्हणजे आपले तेवीसेक लिटर, धबाधबा काँक्रीटवर कोसळायला लागलं.

“अरे अरे अरे! काय करायलास?”

आई सपाता घालून, शाल सावरत, पायऱ्या उतरून येत होती. तिच्या हातात स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं होतं. ते तिने धारेखाली धरलं. पातेलं भरलं. “बादली आण,” ती म्हणाली. मी म्हटलं, आई, हे टाकायचंच पाणी आहे. “टाकायचं असंल तर टाकू की. पण आधी धरू तर दे.” आता या युक्तिवादाला उत्तर आहे का? मी गॅरेजमधून बादली आणली. तात्याने हात पाठीमागून सोडले, स्वतःच्या शेडमध्ये गेला आणि न सांगता दुसरी बादली घेऊन आला. ती बोलायची मराठी, तो इंग्रजी. पण बादलीची भाषा दोघांना येत होती.

नटाबरोबर एक सळई बाहेर आली. आमच्या गीझरची टाकी पोलादी आहे, तिला गंज चढू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमची सळई सोडतात. पाणी टाकीऐवजी सळईला खात बसतं. नवी असते तेव्हा बोटाएवढी जाड, गुळगुळीत. माझी तीन वर्षांनी बाहेर आली ती दाणे खाल्लेल्या कणसासारखी, मध्ये तर नुसती तार उरलेली. आईने ती हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. मी समजावून सांगितलं.

“म्हणजे तुझे मोठे काका,” ती म्हणाली आणि सळई परत दिली.

मोठ्या काकांनी गावाकडची कोरडवाहू जमीन सांभाळली म्हणून माझे वडील शिकले आणि वडील शिकले म्हणून मी इथे ट्रेलर घेऊन बसलो आहे. मी सळई कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघालो होतो, ती उगीचच पेटीत ठेवली. नवीन बसवायची ती वसंतात.

पुढचं काम खालच्या दोन तोट्यांचं. ट्रेलरच्या पोटाखाली, नळ्यांच्या सगळ्यात खालच्या जागी, दोन तोंडं असतात. तांबडं गरम पाण्याचं, निळं थंड पाण्याचं. ती उघडायची आणि वर सगळे नळ सोडून द्यायचे. नाहीतर पाणी अडकून बसतं. “तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतो तसं,” आई म्हणाली. मी गेल्या वर्षी हेच समजून घ्यायला अर्ध्या तासाचा व्हिडिओ बघितला होता. एव्हाना तिच्याकडे दोन बादल्या, एक पातेलं, माझा आंबोण कालवायच्या घमेल्यासारखा दिसणारा गाडी धुवायचा टब आणि नातीचा वाळूत खेळायचा डबा इतकी भांडी मांडून झाली होती. प्रत्येक भांड्यावर ताट. पाणी उघडं ठेवायचं नसतं.

मग हवा.

या बाबतीत ट्रेलरवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत. एक हवावाले, ते म्हणतात कॉम्प्रेसरने नळ्या फुंकून काढा, बास. दुसरे गुलाबीवाले, ते म्हणतात फुंकून पाणी कधी पुरतं जात नाही, गुलाबी औषध भरा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. तात्या अद्वैती आहे. दोन्ही करतो. हिवाळा सहा महिन्यांचा असतो, असं त्याचं स्पष्टीकरण. त्याने कॉम्प्रेसर ढकलत आणला, बाहेरून पाणी घ्यायच्या तोंडाला एक छोटा पितळी तुकडा बसवला, नळी जोडली आणि दाबाचा काटा चाळीसवर आणून माझ्याकडे बोट रोखलं. त्याच्यावर नाही, असं बोट. चाळीस पौंडांच्या पुढे गेलं तर बर्फाने जे केलं असतं ते आपणच करून ठेवतो.

आत एका माणसाने बसून एकेक नळ उघडायचा असतो. ते काम आईकडे दिलं. तिच्यासाठी चहाही आत दिला. मी बाहेरून हाक मारली, “आई, बेसिनचा थंड सोड!”

आतून आधी काहीच नाही. मग नळाने घसा खाकरला. घर्र. परत शांतता. मग एक लांबलचक फुस्स, मध्येच दोन थेंब, परत खर्र, आणि एकदम जोरात पाण्याची पिचकारी.

“पाणी आलं! पाणी आलं रे! घागर आण!”

आई दारात उभी होती. चहाचा कप तसाच टेबलावर. एका हातात रिकामं पातेलं, कुठून आणलं देव जाणे, आणि चेहऱ्यावर १९९० च्या आसपासचं काहीतरी.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी होतं त्यांना हा आवाज माहीत नसेल. आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस असायचा, पण वेळ नसायची. पहाटे चारलाही यायचं, दुपारी दोनलाही. नळाखाली कान लावून बसायची ड्यूटी पोरांची. पाणी यायच्या आधी हवा येते. नळ आधी नुसता श्वास सोडतो, मग खाकरतो, मग थुंकतो, मग गढूळ पाण्याची धार सुटते. त्या पहिल्या फुस्सला ‘हवा आली!’ म्हणून ओरडायचं आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात गल्लीतल्या सगळ्या घरांतून भांड्यांचा एकच खणखणाट सुरू व्हायचा. पिंप, रांजण, घागरी, हंडे, दुधाची किटली, शेवटी कुकरसुद्धा. एकदा भाजी चिरायचं काम बाजूला टाकून आईने विळीजवळची परातही भरून घेतली होती. नळ पुन्हा फुस्स करून गप्प झाला की गेलं.

आणि हे बरे दिवस होते. पुढे मांजरा धरण आटलं. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात टाक्यांच्या आणि पाणी भरायच्या ठिकाणांच्या आसपास जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मी तेव्हा इथे होतो. फोनवर विचारलं, कसं चाललंय? आई म्हणाली, “बरंय. पाणी आता तिकीट काढून यायलंय.”

तर तोच आवाज. अगदी तोच. फरक एवढाच की लातूरला हवा आली म्हणजे मागून पाणी येतंय आणि मिनेसोटात हवा आली म्हणजे पाणी संपलं. आईला ते कळायला दोन क्षण लागले. मग ती पातेलं मांडीवर घेऊन ट्रेलरच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते तेवढं तिने धरलं नाही. तात्या कॉम्प्रेसर बंद करून माझ्याकडे बघायला लागला. काय झालं ते इंग्रजीत सांगायचा मी प्रयत्न केला. माझ्या भाषांतरात गल्ली होती, घागर होती, पण गंमत कुठेतरी सांडली. तो म्हणाला, वाईट नाही.

उरला गुलाबी पंथ. दुकानात गॅलनच्या डब्यांत मिळणारं हे औषध रंगाने थेट रोझ सरबत. आमच्या लेकीचं पहिल्या वर्षापासून त्याच्यावर लक्ष आहे. गाडीच्या इंजिनात घालतात ते वेगळं. ते एथिलीन ग्लायकॉल, चवीला गोड आणि जिवाला घातक. ट्रेलरमध्ये घालायचं ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. पुढच्या उन्हाळ्यात त्याच नळाचं पाणी प्यायचं असतं, म्हणून विषारी नसलेलं. तरी आईने डब्यांवर मराठीत ‘पिऊ नये’ असं लिहिलेला कागद चिकटवला. घरात मराठी वाचता येणारी माणसं तीन, आणि तिघांनाही ते प्यायचं नव्हतं.

डब्यावर मोठ्या अक्षरांत उणे ५० लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, उणे ५० अंश फॅरनहाइटपर्यंत हे गोठत नाही. तसं नाही. शून्य फॅरनहाइटच्या बऱ्याच वरच ते घट्ट व्हायला लागतं, गाड्यावरच्या बर्फाच्या गोळ्यासारखं रवाळ होतं. पण दगड होत नाही, त्यामुळे नळीला फाडत नाही. तो आकडा न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नव्हे. आणि याच राज्यात टॉवर नावाच्या गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला पारा उणे ६० फॅरनहाइटला उतरला होता. त्याबद्दल मी तात्याला काळजीने विचारलं. तो थोडा वेळ गंभीर झाला. मग म्हणाला, टॉवरला जाऊ नकोस.

पद्धत सोपी आहे. पंपाला टाकीपासून तोडायचं, त्याच्या तोंडाला लहान नळी लावून ती गुलाबी डब्यात बुडवायची, पंप चालू करायचा आणि एकेक नळ गुलाबी येईपर्यंत सोडायचा. आधी थंड, मग गरम. संडासाचं पेडल दाबायचं. मोरीच्या वाकड्या नळीत, जिथे वास अडवायला पाणी धरून ठेवतात, तिथे वरून एकेक पेला ओतायचा. सगळं मिळून दोन-तीन गॅलनचं काम. फक्त त्याआधी गीझरकडे जाणाऱ्या वाटा बंद करून मधली आडवाट उघडायची. आमच्या ट्रेलरमध्ये तिथे तीन चाव्या आहेत.

पहिल्या वर्षी त्या चाव्या मला माहीत नव्हत्या. पंप चालू केला, एक गॅलन गेलं. नळातून साधंच पाणी. दुसरं गेलं. मी दुकानात गेलो, आणखी तीन आणली. तीही गेली. पंप घटाघटा पितोय आणि गरम पाण्याच्या नळातून गुलाबीचं नाव नाही. कुठेतरी गळतंय म्हणून मी टॉर्च घेऊन ट्रेलरखाली पालथा पडलो. जमीन कोरडी. पुन्हा दुकान. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, किती मोठी गाडी आहे तुमची? मी म्हटलं, बावीस फूट. तिने माझ्याकडे बघून आवंढा गिळला आणि दयेने विचारलं, गीझर बायपास केलात का? पाच गॅलन सरबत माझ्या गीझरच्या आणि नळ्यांच्या पोटात जाऊन बसलं होतं. तात्याने हे सगळं कुंपणावरून पाहिलं होतं. तो दिवसभर काही बोलला नाही.

दुसऱ्या वर्षी चाव्या बरोबर फिरवल्या, सगळे नळ गुलाबी केले, तात्याने ‘वाईट नाही’ म्हटलं आणि मी हवेत तरंगत आत गेलो. एप्रिलमध्ये पाणी जोडलं तर भिंतीतून पाऊस. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक छोटं कवाड असतं, त्याच्या मागे पायाची वाळू धुवायला एक तोटी. आम्ही ती कधीच वापरली नव्हती, म्हणून ती आहे हेच विसरलो होतो. पाण्याच्या मात्र लक्षात होतं. नळ्या हल्ली लवचीक प्लास्टिकच्या असतात, त्या थोडंफार सोसतात. फुटतात ते जोड. दोन-तीन डॉलरचा एक कोपरा तडकला होता. तो बदलायला पलंग, पलंगाखालची फळी आणि फळीमागची भिंत अशी सगळी उचकाउचक करावी लागली.

या वर्षी बाहेरच्या तोटीचं कवाड आईने उघडलं. आत बघितलं, तोटी फिरवली, गुलाबी आल्यावर बंद केली. “आमच्या दादाच्या शेतावर पण अशी एक तोटी होती, कुणाला ठाऊक नसलेली,” ती म्हणाली, “सगळं पाणी तिथूनच जायचं.”

तात्याने ट्रेलरभोवती एक प्रदक्षिणा घातली. बाहेरच्या तोंडाच्या जाळीमागची झडप बोटाने दाबली. तिथूनही गुलाबी चिळकांडी उडाली आणि त्याच्या बाहीवर डाग पडला. तो डागाकडे बघून समाधानाने हसला. मग आईच्या मांडलेल्या भांड्यांकडे बघितलं, एकेक ताट उचलून आत डोकावलं आणि विचारलं, हे सगळं कशासाठी? मला उत्तर सुचेना. आईने प्रश्न ओळखला. “लागतं,” ती म्हणाली. तात्याने मान हलवली.

पुढचा आठवडाभर तिने ते पाणी पुरवलं. खिडकीत आत आणलेल्या तुळशीला, अंगणात शेवटच्या टोमॅटोला, गाडीच्या काचेला, एकदा तर फरशीलाही. नळ तीन पावलांवर होता. बायकोने दोनदा काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. राजापूरच्या माणसाला पाण्याबद्दल बोलायचा अधिकार नाही, हे ती लग्नानंतर शिकली आहे. दिवाळीच्या आत आई परत लातूरला गेली. जाताना म्हणाली, एक बादली गॅरेजच्या मागं ठेवलीय, भरलेली, ध्यानात असू दे.

ती ध्यानात राहिली नाही.

डिसेंबरच्या शेवटी, पहाटे उणे वीस फॅरनहाइट होतं त्या दिवशी, फावडं आणायला मी गॅरेजच्या मागे गेलो. ताट बर्फात वर उचललं गेलं होतं. बादली वरपासून खालपर्यंत उभी चिरली होती आणि तिच्या आत बादलीच्याच आकाराचा बर्फ मोकळा उभा होता, कडीच्या खुणेसकट. मी फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, बघ, फुटली.

लातूरला तेव्हा संध्याकाळ होती. लगेच उत्तर आलं. “बादली फुटली. पाणी तर सांडलं नाही की.”